डोमेनले ४,२०० डॉलरची ऑफर आली पण आधी सर्टिफिकेट मांगून राह्यले, पैसे भरू का?

बहारवाला_वरुड

राम राम मंडळी. थोडं लंबं लिहून राह्यलो, समजून घेजा. मी वरुड तालुक्यातला, घरी संत्र्याची बाग हाय अन मी गावातच सेवा केंद्रावर बसतो, सातबारा, पीक विमा, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म असं सगळं भरून देतो. मागच्या साली यूट्यूबवर डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नावं, घेऊन विकायचे व्हिडिओ पाह्यले, ते म्हणते शंभर-दोनशे रुपयाचं नाव लाखात जाते, तर ऑफर चालू होती तवा मीबी डझनभर नावं घेऊन टाकले. काही डॉट कॉम, काही डॉट इन, दोन-तीन डॉट एक्सवायझेड काहून का ते सगळ्यात सस्ते होते. बहुतेक आपल्या इकडचेच हायेत, म्हणजे तालुक्याचं नाव अन पुढं ऑरेंज, नाहीतर कॉटन, नाहीतर मंडी.

आता त्यातल्या ऑरेंजवाल्या डॉट कॉमसाठी परवा ईमेल आला. म्हणते माझा क्लायंट दुबईतला फळाचा इम्पोर्टर हाय, त्याचं बजेट ४,२०० डॉलर, विकता का. मी हाव म्हटलं. मंग दुसरा ईमेल, की क्लायंटले व्हॅल्युएशनचं सर्टिफिकेट लागते, अन ते कॉम्प्युटरनं काढलेलं चालत नाही, माणसानं तपासून सही केलेलं पाह्यजे. कुठून काढू विचारलं तर त्यानं साइटचं नाव सरळ नाही सांगितलं, एका चर्चेची लिंक पाठवली. तिथं एकानं विचारलेलं हाय की असं सर्टिफिकेट कुठी भेटते अन दुसऱ्यानं सांगितलं की अमुक साइटवरून काढलं, दोन दिवसात आलं, माझी डील झाली. त्या साइटवर ९९ डॉलर. म्हणते सध्या तुम्ही भरा, मी डीलमधी वापस करतो.

बाबाले सांगितलं तर ते म्हणते बाग देताना व्यापारी आपल्याले इसार देते, आपण त्याले कायले द्यायचा. पण बाबाले इंटरनेटचं काही समजत नाही म्हणून तुम्हाले विचारतो. अन बाकी नावायचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात हाय, तिथं भाव पाहून डोळेच फिरले. भरू का सोडू? नाव इथं पूर्ण टाकत नाही, कोणी उचलून घेईन.

जुनी_नावं_अमरावती

भाऊ, बाबांना बरोबर समजलं आहे. एक रुपया भरू नको.

ही फसवणूक डोमेनच्या धंद्याइतकीच जुनी आहे, दर दोन-चार वर्षांनी नवीन कपडे घालून येते. गिऱ्हाईक, सर्टिफिकेटची साइट, आणि त्या चर्चेत विचारणारा अन उत्तर देणारा, हे सगळे एकाच खोलीत बसलेले असतात, बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्यांना तुझं डोमेन नकोच आहे, त्यांना ते ९९ डॉलर हवेत. म्हणून तर ऑफर अशी ठेवतात की माणसाला नाही म्हणवत नाही पण अगदीच खोटीही वाटत नाही. ४० हजार डॉलर म्हटलं असतं तर तूच हसला असतास.

आता एक काम कर. आयकॅनचं, म्हणजे डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचं, लुकअप पान आहे, लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी, त्यात त्या सर्टिफिकेटवाल्या साइटचं नाव टाक आणि क्रिएशन डेट बघ. डॉट कॉम असेल तर तारीख लगेच दिसेल. वर "गेली वीस वर्षं सेवेत" असं लिहिलेलं असतं आणि नाव गेल्या महिन्यात घेतलेलं निघतं. दुसरं, त्याला उलट लिही की ९९ डॉलर माझ्या ४,२०० मधून कापून घे, बाकीचे एस्क्रोत, म्हणजे सौदा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मधल्या कंपनीकडं टाक. काय उत्तर येतं ते इथं सांग.

खऱ्या सौद्यात सर्टिफिकेट नावाची भानगडच नसते. नावाची किंमत म्हणजे समोरचा देईल ती, त्याला सही-शिक्का लागत नाही. गिऱ्हाईक पैसे एस्क्रोत जमा करतो, एस्क्रो कंपनी तुला कळवते की पैसे आले, मग तू नाव ट्रान्सफर करतो, समोरच्याने नाव ताब्यात आलं म्हटलं की तुला पैसे. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हेच काम करते. फक्त तिथंही समोरच्यानं पाठवलेल्या लिंकवर क्लिक करून जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या एस्क्रो साइटी पण भरपूर आहेत. आणि ऑथ कोड म्हणून जो कोड रजिस्ट्रार, म्हणजे जिथून नाव घेतलं ती कंपनी देते, तो पैसे एस्क्रोत पडल्याशिवाय कोणालाही द्यायचा नाही, तो दिला म्हणजे किल्ली दिली.

नाव लपवायची काही गरज नाही. ते तुझ्या नावावर रजिस्टर आहे तोपर्यंत कोणी उचलू शकत नाही. अकाउंटला ओटीपीचं लॉक लाव, तेवढं बस.

रिन्यूअलचं सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दुकानात आहे.

पानठेला_एक्सप्रेस

अबे वरुडच्या संत्र्या, दुबईवाल्याले संत्रं पाह्यजे असन तर तो बागेत येईन, डोमेनमधी कायले येईन 😂

बरं माझा प्रश्न कोणी घ्या. माझ्याजवळ वेगळ्या विदर्भाच्या नावाचे दोन डोमेन हायेत, एक डॉट कॉम एक डॉट इन. राज्य झालं का सरकारले वेबसाइट लागनच ना, तवा विकीन म्हटलं. तेलंगण झालं २०१४ ले, तवा घेतले होते की आता आपलाच नंबर. तवापासून दरसाली भरूनच राह्यलो. बायको म्हणते तुमचा विदर्भ माह्या किराण्यातून चालला.

जुनी_नावं_अमरावती

@पानठेला_एक्सप्रेस विदर्भ झाला तरी सरकार तुमच्याकडं येणार नाही हो. सरकारी साइट गव्ह डॉट इनवर असते, ती तुम्हाआम्हाला मिळत नाही आणि सरकारला कोणाकडून विकत घ्यावी लागत नाही. एखादा न्यूज चॅनेलवाला आला तर आला.

@बहारवाला आता हिशेब. डॉट कॉमची घाऊक किंमत ठरलेली असते, ती व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी घेते, सप्टेंबर २०२४ मध्ये ती १०.२६ डॉलर झाली. वर आयकॅनची चिल्लर, वर आपल्याकडं १८ टक्के जीएसटी. म्हणजे हजाराच्या खाली डॉट कॉम वर्षभर देणारा एक तर पदरचे घालतो आहे, नाहीतर पुढच्या वर्षी वसूल करणार आहे. तुला शे-दोनशेत मिळालं ते पहिल्या वर्षाचं आमिष होतं. डॉट एक्सवायझेडचं तर फारच, घेताना चहाच्या पैशात आणि रिन्यूअलला डॉट कॉमच्या बरोबरीनं.

या धंद्यात मुरलेले लोकसुद्धा असं धरून चालतात की शंभर नावं बाळगली तर वर्षाला एक-दोन विकली जातात. शंभर नावांचे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास भरायचे, म्हणजे जी एक-दोन विकली जातील ती साठ हजार ते सव्वा लाखाला एक अशी गेली पाहिजेत, तेव्हा कुठं मुद्दल निघतं, नफा अजून लांबच. यूट्यूबवाला हे सांगत नाही कारण त्याची कमाई कोर्स विकण्यात आहे. तू डझनभर नावं घेऊन बसलास, त्यातलं एक विकायला किती वर्षं लागतील ते तूच काढ. आणि हे शंभरात एक-दोन पण चांगल्या नावांचं आहे हां, आपल्या तालुक्याच्या नावापुढं कॉटन लावलेल्यांचं नाही. राग मानू नको.

पानठेला_एक्सप्रेस

मंग ते व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरले गेलं ते खोटं का?

जुनी_नावं_अमरावती

खरं आहे. २०१९, विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी कंपनी. पण ते रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दाचं डॉट कॉम, असे सगळे शब्द नव्वदच्या दशकातच उचलले गेले, आपल्याकडं तेव्हा एसटीडी बूथसमोर लाइन लागायची. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेलं आणि नंतर ओपनएआयकडं आलं. हे सौदे खरे म्हणून तर पेपरात येतात. नेमबायो नावाची साइट आहे, तिथं जुन्या सौद्यांची यादी आहे, तुझ्यासारखं नाव कधी कितीला गेलं ते शोधून बघ, सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त कामाचं आणि साधं शोधणं फुकट आहे.

हळदीवाल्या_ताई

नमस्कार. मी समुद्रपूरकडची, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हळद पावडर करतो. विषय निघालाच आहे तर आमचं सांगते, विकायचं नाही आहे, वापस पाहिजे आहे.

आमच्या कंपनीच्या नावाचं डॉट इन होतं. वेबसाइट बनवून देणाऱ्या पोरानंच ते घेतलं होतं, त्याच्याच अकाउंटमधून, त्याच्याच ईमेलवर. आम्ही दरवर्षी पैसे द्यायचो, त्याची पावती पण आहे. यंदा त्याचा फोन बंद, आणि आम्हाला कळलं कधी तर एका गिऱ्हाइकाचा नागपूरवरून फोन आला तेव्हा. पाकिटावर आम्ही क्यूआर छापला आहे, स्कॅन केला की आमची हळद कुठल्या गावची, कधी दळली ते दिसायचं. आता स्कॅन केला की ऑनलाइन जुगाराची साइट उघडते! हळदीच्या पाकिटावर जुगार. बचत गटाच्या बाया बसून एक एक पाकिटावर कोरं स्टिकर चिकटवून राहिल्या आहेत, दोनशे ग्रॅमची सगळी पाकिटं छापून आलेली होती.

हे नाव आम्हाला परत मिळू शकते का? ज्यानं घेतलं त्याला ईमेल केला तर तो ९०० डॉलर म्हणतो.

जुनी_नावं_अमरावती

ताई, वाईट झालं, पण असं फार ठिकाणी होतं. नाव संपलं की लगेच जात नाही. डॉट कॉमचं असं असतं की आधी रजिस्ट्रार काही दिवस देतो, जास्तीत जास्त ४५, तेवढ्यात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या भावात भरता येतं. मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात मिळतं पण दंड जबर. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव मोकळं. डॉट इनचंही साधारण असंच. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलावात काढतात. या सगळ्या काळात सगळ्या सूचना त्या पोराच्याच ईमेलवर जातात, तुम्हाला कुठून कळणार.

मोकळी झालेली नावं पकडायला लोकांनी प्रोग्रॅम लावलेले असतात. जुन्या साइटला गूगलमध्ये पत असते, बाहेरून लिंका असतात, त्यावर जुगारवाले स्वार होतात. तुमच्या कंपनीवर त्याचा डोळा होता असं नाही, यंत्रानं उचललं आहे. ९०० डॉलर देऊ नका, निदान आत्ताच नको. कायद्याचं वकील साहेब सांगतील, ते इथं असतात.

काळाकोट_यवतमाळ

आहे, आहे. कोर्टातून आत्ताच आलो.

ताई, डॉट इनचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचं स्वतःचं तंटा सोडवायचं धोरण आहे, आयएनडीआरपी म्हणतात. त्यात लवाद नेमतात, कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज पडत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव तुमच्या ब्रँडशी सारखं किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. समोरच्याचा त्या नावावर काही न्याय्य हक्क नाही. आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं किंवा तसं वापरतो आहे. यातला "किंवा" तुमच्या कामाचा आहे, कारण डॉट कॉमला जे यूडीआरपी नावाचं तसलंच धोरण लागतं त्यात घेतानाही वाईट हेतू आणि वापरतानाही वाईट हेतू, दोन्ही दाखवावे लागतात. इथं जुगार आणि ९०० डॉलरचा ईमेल तुमच्या हातात आहे. तो ईमेल डिलीट करू नका आणि त्याच्याशी आणखी भाव करत बसू नका.

कागद जमवा. कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, ट्रेडमार्कचा अर्ज केला असेल तर तो, वेबसाइटचा पत्ता छापलेली जुनी पाकिटं, बिलं, त्या पोराला दिलेल्या पैशांच्या पावत्या, जुगाराच्या पानाचे तारखेसकट स्क्रीनशॉट. ट्रेडमार्क नसला तरी सगळं संपलं असं नाही. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या केसमध्ये सांगितलं की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, पासिंग ऑफच्या तत्त्वानं, म्हणजे नावाची पत तुम्ही कमावली आहे हे दाखवता आलं पाहिजे. वायगाव हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तुमचे शेतकरी त्यात अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असतील तर तेही जोडा. खर्च येईल, फुकट होत नाही. तो ९०० डॉलरच्या तुलनेत किती बसतो ते पाहून ठरवा, आणि तोवर वेगळं नाव घेऊन साइट चालू करा, या वेळी कंपनीच्या ईमेलवर.

@बहारवाला तुमच्या यादीत कोणत्या कंपनीचं नाव असलेलं डोमेन आहे का? असेल तर आधी ते सांगा.

बहारवाला_वरुड

लोकहो, आलो. लुकअपमधी पाह्यलं, ती सर्टिफिकेटवाली साइट मागच्या महिन्यातली निंघाली बाप्पा, अन साइटवर लिहून ठेवलं ट्रस्टेड सिन्स २००४! अन जुन्या नावंवाल्या दादानं सांगितलं तसं लिहिलं की ९९ कापून घे अन बाकीचे एस्क्रोत टाक, तर पहिले म्हणे क्लायंटची पॉलिसी नाही, मी परत लिहिलं तर आता उत्तरच नाही. बाबाले सांगितलं, ते सध्या गावात सगळ्यायले सांगून राह्यले का माह्यामुळं पोट्टा वाचला.

वकील साहेब, एक हाय. एका मोठ्या ट्रॅक्टर कंपनीचं नाव अन पुढं विदर्भ. म्हटलं त्यांच्या डीलरले लागन. अन दुसरं, आपलं नाव मराठीतच घेऊन डॉट भारत घेतलं तर कसं राहीन?

काळाकोट_यवतमाळ

ट्रॅक्टरवालं सोडून द्या. रिन्यू करू नका, विकायचा तर प्रयत्नही करू नका. कंपनीला किंवा डीलरला "इतके द्या नाहीतर" असा ईमेल गेला की तोच तुमच्याविरुद्ध पुरावा. जिओहॉटस्टारचं वाचलं असेल, दिल्लीच्या एका डेव्हलपरनं दोन कंपन्या एकत्र होतील हे ओळखून २०२३ मध्ये नाव घेऊन ठेवलं आणि रिलायन्सला म्हटलं माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. कंपनी बधली नाही. मग ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडं गेलं आणि त्यांनी फुकट द्यायची तयारी दाखवली. ओळखलं बरोबर होतं, कंपनीकडून हाती काही लागलं नाही.

आणि पुढं मागं खरंच एखादं नाव बाहेरदेशी विकलं तर पैसे बँकेतूनच घ्या, ईमेल-बिल जपून ठेवा, त्या नफ्यावर टॅक्स आहे, सीएला विचारून दाखवा.

जुनी_नावं_अमरावती

डॉट भारत देवनागरीत २०१४ मध्ये आलं, मराठीलाही चालतं. स्वतःच्या साइटसाठी हौसेनं घे, छान दिसतं. विकायच्या हिशेबानं घेऊ नको, गिऱ्हाईकच नाही. लोक पत्ता अजून इंग्रजीतच टाइप करतात, ब्राउझर आतून त्याचं एक्सएन डॅश डॅश करून काहीतरी भलतंच बनवतो, आणि त्या नावाचा ईमेल कितीतरी फॉर्म घेतच नाहीत. तू सेवा केंद्रावर बसतोस, तुला माहीतच असेल ते फॉर्म कसे असतात.

तुझ्या यादीतलं ऑरेंजवालं डॉट कॉम मात्र ठेव. बाकी सगळ्यांचं ऑटो रिन्यू आजच बंद कर, कार्ड सेव्ह असेल तर ते पण काढ, नाहीतर मध्यरात्री पैसे कटतात आणि मग कस्टमर केअरला इंग्रजी बोलत बसावं लागतं.

आता त्या एका नावाचं गिऱ्हाईक कोण, तर दुबईत नाही, तुझ्या दहा-वीस किलोमीटरात आहे. वरुड-मोर्शीला संत्र्याचं ग्रेडिंग-वॅक्सिंग करणारे कितीजण आहेत, बांगलादेशला, केरळला माल पाठवणारे व्यापारी आहेत, ताईंसारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, रोपवाटिकावाले तर शेंदूरजना घाटला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बसले आहेत. त्यातले कितीजण जीमेलवर धंदा करतात बघ. नावावर एक साधं पान टाक, हे नाव विकायचं आहे आणि खाली फोन नंबर. सेडो, आफ्टरनिक या डोमेन विकायच्या साइटींवर पण टाकून ठेव, ते विकलं गेलं तरच कमिशन घेतात. पण खरं काम म्हणजे सीझनमध्ये जाऊन भेटणं. नुसतं नाव दाखवलं तर ते म्हणतील याचं काय करू, लोणचं घालू? तू एक पानाची साइट बनव, त्यांच्या पॅकहाउसचा फोटो, व्हॉट्सॲपचं बटण, आणि ईमेल त्या नावाचा चालू करून दे. दहा-पंधरा हजार कोणी दिले तर हसत घे. आणि नाव त्यांच्याच अकाउंटमध्ये टाकून दे, ताईंसारखं दुसऱ्या कोणाचं व्हायला नको.

हळदीवाल्या_ताई

वकील साहेब, खूप आभार. त्या पोराच्या पावत्या सापडल्या, तीनही वर्षांच्या. पाकिटं पण ठेवली आहेत, स्टिकर न लावलेली. सोमवारी यवतमाळला येऊ का?

@बहारवाला भाऊ, तुम्ही साइट बनवून देता का? आम्हाला नवीन नावावर करायची आहे. पण अकाउंट आमचंच राहील, ते आधीच सांगते.

बहारवाला_वरुड

हाव ताई, तुमचंच राहीन. ओटीपीबी तुमच्याच मोबाइलवर. मी फक्त पान बनवून देतो, पैशाचं बोलू नंतर. पाकिटावरचा नवा क्यूआरबी करून देतो.

काळाकोट_यवतमाळ

सोमवारी या, दुपारी अडीचनंतर.

पानठेला_एक्सप्रेस

सगळ्यायचं झालं, माह्या विदर्भाचं काय? एकदाच लंबं रिन्यूअल करून टाकू म्हणतो, दरसालची कटकट नको. २५ वर्षाचं भरता येते का?

जुनी_नावं_अमरावती

नाही. एका वेळी १० वर्षांच्या वर कोणालाच भरता येत नाही, आयकॅनचा नियम आहे.

पानठेला_एक्सप्रेस

१० मधी कुठी होते बाप्पा. मंग दरसालचंच राहू द्या.